खालून कापलेला लेख

रविवारच्या पुरवणीत मेंदूवर लिहिणाऱ्या गृहस्थांना वाचक ‘मेंदूवाले सर’ म्हणत, आणि सरांना ते मनापासून आवडे. कॉलेजात तीस वर्षं मानसशास्त्र शिकवलं तेव्हा कुणी त्यांना कसलेच वाले म्हटलं नव्हतं. पोरं हजेरीपुरती यायची, मागच्या बाकावर डुलक्या काढायची, आणि परीक्षेत जे लिहायची ते वाचून आपण वर्षभर नक्की कुणाशी बोलत होतो असा प्रश्न सरांना पडायचा. निवृत्तीनंतर ‘मेंदूशी गप्पा’ हे सदर मिळालं आणि सर माणसांत आले. केस कापायला बसले की न्हावी कात्री थांबवून सासूच्या संशयी स्वभावावर उपाय विचारी. दाताच्या डॉक्टरने तर तोंडात दोन हत्यारं घालून स्मरणशक्तीबद्दल मत मागितलं होतं.

सरांची हातोटी होतीच. कुठल्या तरी परदेशी नियतकालिकातला वीस पानी निबंध, त्यातले तक्ते आणि आकडे, हे सगळं ते सातशे शब्दांत असं मांडत की वाचणाऱ्याला वाटावं, अरे, हे तर मला माहीतच होतं. “सोपं करणं सोपं नसतं,” असं ते व्याख्यानात म्हणत आणि टाळ्या घेत. वाक्य खोटं नाही. सोपं करताना काय काय गाळावं लागतं, ते मात्र ते व्याख्यानात सांगत नसत.

गाळण्याचं काम त्यांच्यासाठी दुसराच करत होता. पुरवणीचं पान लावणारा उपसंपादक, ज्याला सगळी कचेरी ‘कात्री’ म्हणायची, त्याने पहिल्याच दिवशी सरांना बजावलं होतं. “सर, आमच्याकडे जाहिरात ऐन वेळी येते. जागा कमी पडली की मी लेख खालून कापतो. वाचत बसायला वेळ नसतो. तेव्हा जीव वरच्या भागात ठेवा. शेवटी ठेवाल ते गेलं म्हणून समजा.”

सरांनी ते नीट ऐकलं होतं. तरी प्रत्येक लेखाच्या शेवटी ते एक परिच्छेद न चुकता लिहीत: हा प्रयोग इतक्याच माणसांवर झालाय, ती सगळी तरुण आणि धडधाकट होती, दुसरीकडे तो अजून कुणी करून पाहिलेला नाही, आजार असेल त्याने डॉक्टरांना विचारावं. संशोधनाच्या निबंधात मर्यादा शेवटीच लिहितात, ती जुनी सवय. पहिल्यांदा तो परिच्छेद गेला तेव्हा सर फोनवर कात्रीशी कडाकडा भांडले. दुसऱ्यांदा नुसता निरोप ठेवला. मग त्यांच्या ध्यानात आलं की ज्या रविवारी शेपूट तुटतं, त्या आठवड्यात पत्रं दुप्पट येतात. ‘कदाचित’, ‘काही अंशी’, ‘अजून खात्री नाही’ ही लंगडी मंडळी निघून गेली की लेख कसा ताठ उभा राहतो. तेव्हापासून सर तो परिच्छेद आणखी मन लावून लिहू लागले आणि बरोबर कात्रीच्या वाटेत ठेवू लागले. मी तर लिहिलं होतं, असं म्हणायची सोय राहिली, आणि पापाचा धनी दुसराच कुणी झाला. दोन्ही डगरींवर हात ठेवायची ही कला त्यांना कुणी शिकवली नव्हती.

तर अशा या सरांनी एका रविवारी सकाळी ताईकडे जायचं ठरवलं. त्यांच्या निवडक लेखांचं पुस्तक नुकतंच निघालं होतं आणि त्याची एक प्रत ताईला हातात द्यायची होती. शहर एकच, बस थेट, तरी दहा महिने जाणं झालं नव्हतं. फोन होत. ताईच्या नवऱ्याला, म्हणजे भाऊजींना, दीड वर्षापूर्वी विस्मृतीचा आजार निघाला होता आणि ताई फोनवर म्हणे, “चाललंय आमचं, तू तुझं काम बघ.” सर आज्ञाधारकपणे आपलं काम बघत.

भाऊजी मोठे शिंपी. कोपऱ्यावरच्या दुकानात त्यांनी चाळीस वर्षं पुरुषांचे कोट शिवले. एकदा माप घेतलं की वही उघडायचे नाहीत, गिऱ्हाइकाचा खांदा त्यांच्या बोटांत राहायचा. ताई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती आणि घरातही ती तशीच होती. छापलेल्या अक्षरावर तिचा विश्वास आणि धाकट्या भावाचा अभिमान, दोन्ही जरा जास्तच.

दार उघडताच ती म्हणाली, “आलास, बाळ्या? बस. आमचा तास चाललाय.”

भाऊजी जेवणाच्या टेबलाशी बसले होते. शर्टाची कॉलर गळ्याभोवती इतकी सैल होती की आत दोन बोटं सहज गेली असती. ज्या माणसाने आयुष्यात कुणाला ढगळ कपडा दिला नाही, त्याच्या अंगावर ती कॉलर बघवत नव्हती. टेबलाच्या पलीकडच्या टोकाला, ताईच्या हाताशी, चहाचा कप होता.

ताईने कपावर बोट ठेवलं. “अहो, हे काय आहे?”

भाऊजींनी कपाकडे पाहिलं आणि मग तिच्या तोंडाकडे. तिचे ओठ हलतात का, ते बघत होते. ताईने ओठ घट्ट मिटून घेतले.

“पाणी,” भाऊजी म्हणाले.

“नाही.”

“गरम.”

“गरम आहे, शाबास. पण काय आहे?”

“ते आपलं... ते. दे ना.”

“नाव सांगा, लगेच देते.”

सर चपला काढता काढता थांबले. ताई त्यांच्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाली, “पहिलं अक्षरसुद्धा सांगायचं नाही. तूच लिहिलंयस ना, आयतं मिळालं की मेंदू आळशी होतो.”

दहा मिनिटं गेली. चहावर साय धरली. भाऊजींचा हात दोनदा टेबलावर थोडा पुढे आला आणि आपणहून मागे गेला. मग ताईने घड्याळ पाहिलं, कप उचलला, आणि एका वहीत ‘चहा’ या शब्दापुढे फुली मारली.

“तासाभराने परत घेऊ,” ती म्हणाली. “काल टॉवेल आला होता. एकदाच, पण आला.”

वही शाळेतल्यासारखी रेघा मारून आखलेली होती. डावीकडे शब्द, वर तारखा. पहिल्या पानांवर बरोबरच्या खुणा पुष्कळ होत्या, पुढे पुढे त्या विरळ होत गेल्या होत्या, आणि शेवटच्या चार पानांवर कालची एक खूण सोडली तर सगळ्या फुल्याच होत्या. रोज सहा वेळा, आठ महिने. ताईने एक दिवस चुकवलेला नव्हता.

“तुला फोनवर सांगितलं होतं की मी,” ती म्हणाली. “तुझ्या लेखातला अभ्यास घेते यांच्याकडून म्हणून. तू म्हणालास, वा, छान.”

सरांना आठवलं. पुस्तकाची मुद्रितं तपासत होते तेव्हा. एका कानाने ऐकलं होतं, आणि ‘वा, छान’ हे ते सगळ्यांनाच म्हणत.

लेखाचं कात्रण फ्रिजच्या दारावर प्लॅस्टिकमध्ये घालून चिकटवलं होतं. ‘सांगू नका, आठवू द्या’. मथळा कात्रीचा, बाकी मजकूर सरांचा. एका विद्यापीठात साठ विद्यार्थ्यांना शब्दांच्या जोड्या शिकवल्या. निम्म्यांना उत्तर लगेच दाखवलं, निम्म्यांना आठवायची धडपड करू दिली. आठवडाभराने धडपडलेल्यांच्या लक्षात कितीतरी जास्त राहिलं होतं. तेव्हा माणूस शब्दाला अडला की चटकन पुरवू नका, असं सरांनी लिहिलं होतं. थोडं ताणू द्या, तो ताण म्हणजेच मेंदूचा व्यायाम. घरातल्या वडीलधाऱ्यांनाही ही सवय लावा. हे वडीलधाऱ्यांचं वाक्य निबंधात कुठेच नव्हतं. ते सरांनी पदरचं घातलं होतं, वाचकाला जवळचं वाटावं म्हणून. लेख तिथे संपत होता आणि त्याखाली एका गादीची जाहिरात होती.

गेलेला परिच्छेद सरांना शब्दन् शब्द पाठ होता. हे निष्कर्ष निरोगी तरुणांचे आहेत. विस्मृतीचा आजार झालेल्यांना ते लागू नाहीत. अशा माणसांना प्रश्न विचारून कोंडीत पकडू नये, त्यातून त्रासाशिवाय काही हाती लागत नाही. गादीने खाल्लेल्या त्या तीन ओळी आठ महिने त्यांच्या संगणकात सुखरूप पडून होत्या.

ताई स्वयंपाकघरात गेली तसे सर भाऊजींशेजारी बसले. भाऊजींनी जरा वेळाने त्यांच्या बाहीचं कापड दोन बोटांत धरून चोळून पाहिलं. मग हात वर नेला आणि सरांच्या खांद्यावर ठेवला. “डावा,” ते म्हणाले. सरांचा डावा खांदा अर्धा इंच खाली होता, आणि लग्नातला कोट शिवताना हे भाऊजींनीच पहिल्यांदा सांगितलं होतं. कुणी विचारलं नव्हतं म्हणून शब्द आला होता. तेवढ्यात ताईची पावलं वाजली. भाऊजींनी हात झटकन मांडीवर घेतला आणि मान खाली घातली. मार खायच्या आधी मूल जसं बसतं तसे ते बसले.

“अकरा किलो उतरलंय वजन,” ताई म्हणाली. “खाणं कमी झालंय. पूर्वी मागायचे तरी, आता मागतच नाहीत काही. आजारच तसा, काय करणार.”

आजार तसा नव्हता. या घरात काही मागायचं तर आधी त्याचं नाव सांगावं लागत होतं, आणि नावंच तर जात चालली होती. माणसाने मागणंच सोडून दिलं होतं. ते सरांना एका क्षणात कळलं, कळण्यासाठीच तर त्यांना लोक मान देत होते. हे मी केलंय, त्यांना वाटलं. आणि त्याच्या मागोमाग, जराही दम न खाता, दुसरा विचार आला की हिला कळू न देता हे थांबवायचं कसं.

सदर लिहिणाऱ्याला शब्दांची काय ददात. सर घसा खाकरून म्हणाले, “ताई, एक सांगायचं राहिलंच. यात नवीन संशोधन आलंय. अगदी ताजं. या आजारात प्रश्न विचारायचेच नाहीत, असं आता निघालंय. शब्द अडला की आपणच सांगायचा. चहा दिसला की चहा द्यायचा, बस.”

ताई खुर्चीवर टेकली. “म्हणजे आधीचं चुकलं?”

“चुकलं असं नाही. विज्ञान पुढे जात असतं. काल एक वाटतं, आज दुसरं कळतं. त्यात कुणाचा दोष नसतो.” वाक्य इतकं गोळीबंद आलं की त्यांचं त्यांनाच हायसं वाटलं.

ताईने वही बंद केली, परत उघडली. मग म्हणाली, “ताजं म्हणजे कधीचं?”

“झाले दोनेक महिने.”

“डॉक्टरांनी मला हे आठ महिन्यांपूर्वी सांगितलं होतं.”

सरांनी पिशवीतून पुस्तक काढून टेबलावर ठेवलं.

“तुझा लेख आला त्याच आठवड्यात गेले होते मी. कात्रण दाखवलं. ते म्हणाले, बाई, हे यांच्यासाठी नाही, यांना प्रश्न विचारू नका, घाबरतील. मी म्हटलं, माझा भाऊ तीस वर्षं शिकवत होता, त्याला कळत नाही होय? भांडले मी त्यांच्याशी. परत पायरी चढले नाही.” तिचा आवाज अजून वर्गातलाच होता, सरळ, एका पट्टीतला. “म्हणजे डॉक्टरांना तेव्हाच ठाऊक होतं. तुला नव्हतं?”

आता साप मरावा आणि काठीही मोडू नये असा एकच रस्ता उरला होता, आणि सर त्यावरून धावले. “मी लिहिलं होतं, ताई. शपथेवर सांगतो. शेवटच्या परिच्छेदात स्पष्ट लिहिलं होतं, या आजाराच्या माणसांसाठी नाही म्हणून. पेपरवाल्यांनी कापलं. जाहिरात आली की ते खालून कापतात. माझ्या हातात नसतं ते.”

ताईने फ्रिजकडे पाहिलं, गादीच्या जाहिरातीकडे. तिचा चेहरा थोडा सैलावला. भावावर विश्वास ठेवायची संधी ती आयुष्यभर शोधत आली होती आणि ही एक सापडली होती. तिने टेबलावरचं नवं पुस्तक ओढून घेतलं. वेष्टन फाडलं, अनुक्रमणिकेवरून बोट फिरवलं, आणि तो लेख काढला. चष्मा वर सरकवून ती शेवटाकडून वाचू लागली. ‘घरातल्या वडीलधाऱ्यांनाही ही सवय लावा.’ त्याखाली अर्धं पान कोरं होतं.

“यात कुठंय?” तिने विचारलं.

पुस्तकासाठी सरांनी मूळ लेख दिले नव्हते, छापून आलेली कात्रणंच दिली होती. छापलेलं चांगलं दिसत होतं. ती शेपटं परत लावायची म्हणजे प्रत्येक लेख मिळमिळीत होणार, असं त्यांनीच प्रकाशकाला सांगितलं होतं.

“इथंही जाहिरात आली होती का?” ताई म्हणाली.

सरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांना शब्द सापडत नव्हता, आणि ताईने तो पुरवला नाही.

शेवटी ते कसंबसं म्हणाले, “चुकलो मी.”

ताईने पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. ओरडली नाही. ओरडली असती तर सरांना बरं वाटलं असतं, आणि ते तिलाही माहीत असावं. ती भाऊजींकडे बघत होती. भाऊजी टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत होते, कापडाची दुमड दाबावी तसा.

“एकच विचारते,” ती म्हणाली. “खरं सांग. पार शेवटपर्यंत सांग. हे सगळं विसरतात ना हे? मग मी आठ महिने यांना जे केलं, तेही विसरतील ना?”

सरांना उत्तर ठाऊक होतं. त्यावरही त्यांनी एक लेख लिहिला होता. प्रसंग पुसला जातो, पण त्या प्रसंगाने मनात जे उठवलं ते मागे राहतं. अशा माणसाला घाबरवलं तर का घाबरलो हे तो विसरतो, घाबरणं विसरत नाही. त्या लेखाला सव्वाशे पत्रं आली होती. ‘विसरतील’ एवढंच म्हणावं आणि थांबावं, असं त्यांना फार वाटलं. ताईला ते हवं होतं. एका शब्दात ती सुटली असती, आणि तेही.

“चहा विसरतील,” सर म्हणाले. “वही विसरतील. तू काय विचारायचीस ते विसरतील.” ते थांबले. ताई वाट बघत होती. “भीती राहते, ताई. कशाची ते कळत नाही, पण माणूस समोर आलं की ती येते.”

“माणूस म्हणजे मी.”

“हो.”

ताईने मान हलवली. विद्यार्थ्याने अखेर बरोबर उत्तर दिल्यावर हलवायची तशी, एकदाच. मग ती उठून आत गेली. भांड्यांचा आवाज झाला, नळ सुटला, बराच वेळ सुटाच राहिला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात मऊ भाताची वाटी आणि चमचा होता आणि तोंडावर पाणी मारलेलं दिसत होतं. ती टेबलाजवळ आली तसे भाऊजी खुर्चीत मागे सरकले. तिच्या ओठांकडे बघू लागले आणि घाईघाईने म्हणाले, “पाणी. गरम. टॉवेल.” जे जे आठवत होतं ते सगळं एका दमात देऊन टाकलं.

ताईने वाटी त्यांच्यापुढे ठेवलीच नाही. ती सरांच्या हातात दिली.

“तू भरव,” ती म्हणाली. “तुला नाही घाबरत ते.”

ती आत गेली आणि भाऊजींना दिसणार नाही अशी दाराआड उभी राहिली. सरांनी चमचा भरला. भाऊजींनी आधी दाराकडे पाहिलं, मग सरांकडे, आणि तोंड उघडलं. दुसरा चमचा जायच्या आत पहिला गिळून मोकळे. चौथ्या-पाचव्या घासाला त्यांनी सरांचं मनगट धरलं आणि आपल्याकडे ओढू लागले, चमचा लवकर यावा म्हणून. किती महिन्यांची भूक होती कुणास ठाऊक. वाटी रिकामी झाली तेव्हा ते हसले, अगदी मनापासून, आणि सरांच्या गालावरून त्यांनी हात फिरवला. जगातल्या सगळ्या माणसांत त्यांना या घडीला हाच एक माणूस आपला वाटत होता.

“खाल्लं का?” ताईने आतून हळूच विचारलं.

“हो.”

“किती?”

“सगळं.”



“मग आता रोज ये,” ती म्हणाली. “मी आतच थांबत जाईन.”